बाग बंद होती तेव्हा

माझे वडील माझी बाग बघायला एकदाच आले. आणे गावच्या पठारावरून एसटीनं खाली उतरले, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. फाटकातून आत आले आणि हिरवळीसमोर उभे राहिले. मी नुकतीच मशीन फिरवली होती. कापलेल्या हरळीचा वास सगळीकडं पसरला होता. मला वाटलं, म्हातारा आता पाठ थोपटणार.

"एवढं गवत, आन् एक मेंढरू न्हाई?" ते म्हणाले.

"आबा, हितं मेंढरं सोडत न्हाईत."

"मंग कापतो कशाला?"

"वाढतं म्हणून."

"आन् कापल्यालं?"

"खड्ड्यात टाकतो. खत व्हतं."

त्यांनी काठी टेकली आणि त्या गवताकडं पुन्हा एकदा पाहिलं. आमच्या घराण्यात सगळे गवताच्या मागं हिंडलेले. पाऊस हुकला की कळप घेऊन कुठल्या कुठं जायचे. त्या माणसाचा मुलगा गवत वाढवून टाकून देण्याचा पगार घेत होता. गावी परत गेल्यावर त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं म्हणे, "पोरगं बऱ्या जागी लागलंय, पर काय करतंय ते मला उमाजलं न्हाई."

मलाही ते उमजायला नोकरीतली बरीच वर्षं गेली.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवर बाजाराचं एक मोठं गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात कुणाला दोष द्यायचा नाही. त्या गावाच्या पंचायतीची ही बाग. एका अंगाला बाजाराचं मैदान, दुसऱ्या अंगाला नव्या इमारती, आणि मागं ओढा. ओढ्याच्या पलीकडं ऊस. मधल्या पडीक जागेत कुणीतरी हौशी सरपंचानं कधीकाळी झाडं लावली, फिरायला ट्रॅक केला, बाकं बसवली आणि मला नेमलं. पाण्याच्या मोटारीच्या खोलीला लागून एक खोली होती, तीही मला दिली. बायको पठारावरच राहिली. शेत होतं, थोडी मेंढरं होती, आई-वडील होते. कुणीतरी तिकडं हवंच होतं. मी सुट्टीला वर जायचो. मुलगी निमगाव सावाला दिली. असं आमचं चाललं होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, माळीकाम म्हणजे पाणी मारायचं आणि फुलं बघायची. फुलं बघायला वेळ कुणाला? ऊन चढायच्या आत पाणी द्यायचं, नाहीतर हरळी पिवळी पडते. लव्हाळा उपटायचा. लव्हाळ्याची गाठ मातीत राहिली की दोन पावसांनी तो परत डोकं काढतो, म्हणून खुरप्यानं खोल जावं लागतं. मेंदीचं कुंपण छाटायचं. पत्रावळ्या, गुटख्याच्या पुड्या, केकचे खोके उचलायचे. बागेत झाडांची कामं निम्मी, माणसांची निम्मी.

माणसांचे नमुने तर किती. उन्हाळ्यात बायका सिमेंटच्या ट्रॅकवर कुरडया वाळत घालायच्या आणि मलाच राखण सांगून जायच्या. गणपतीच्या दिवशी उजाडायच्या आत दुर्वांसाठी माझी हिरवळ ओरबाडली जायची. बाप्पाच्या कामाला नाही कसं म्हणायचं? एक इसम पंचायतीच्या निवडणुकीला उभा होता. तो दुपारी येऊन मेंदीच्या कुंपणासमोर भाषण पाठ करायचा. "माता-भगिनींनो" म्हणून मेंदीला हात जोडायचा. मी पलीकडं छाटणी करत असलो तर थांबायचा आणि विचारायचा, "कसं वाटतंय भाऊ?" मी म्हणायचो, "मेंदी खूश आहे." तो पडला. नंतर कधी आला नाही.

पण हे सगळं सकाळ-संध्याकाळचं. मधला दिवस मोठा असायचा. मी, मोटारीची घरघर आणि साळुंक्या. जेवण एकट्याचं. कधी कधी अख्ख्या दुपारभर तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि संध्याकाळी कुणी वेळ विचारली की माझा आवाज मलाच घोगरा वाटायचा.

अशातच एक बाई सकाळी यायला लागल्या. हातात नायलॉनची रिकामी पिशवी. मान खाली घालून भराभर एक फेरी मारायच्या, बस चुकणार असल्यासारख्या, आणि निघून जायच्या. मला संशय आला. शेवंतीचा हंगाम होता.

"मावशी, फुलं न्यायची न्हाईत हं," मी एकदा आडवा जाऊन सांगितलं.

"फुलं कोण न्हेतंय?" त्या उसळल्या. "माझ्या लोणीच्या घराम्होरं तुझ्या बागंपरीस जास्ती शेवंती व्हती."

"मग ही पिशवी?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "साखर निघाली. डॉक्टर म्हणला, चाला. आता बिनकामाची बाई नुसती चालती, बरं दिसतं का? पिशवी आसली म्हंजी लोकान्ला वाटतं, बाजारला निघाली."

मी हसलो. पण त्या गेल्यावर खुरपं हातात तसंच राहिलं. ही बाई जन्मभर चालतच आली होती. पाण्याला, रानात, आठवडी बाजाराला. प्रत्येक वेळी डोक्यावर नाहीतर काखेला काहीतरी होतं. आता स्वतःच्या तब्येतीसाठी चालायचं तर तिला लाज वाटत होती.

त्या अनसूयाआक्का. मालक वारल्यावर मुलानं त्यांना लोणीहून इथं आणलं होतं, बागेसमोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. मुलगा कंपनीत, सून सुरेखा पतसंस्थेत नोकरीला, नातू शाळेत. दिवसभर फ्लॅट आणि आक्का.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या हातात झारी दिली. म्हणालो, "आक्का, चालता चालता गुलाबांना पाणी घाला. काम झालं का न्हाई हे?"

"हे बरं हाय," त्या म्हणाल्या.

काही दिवस त्यांनी झारी घेऊन फेऱ्या मारल्या. एवढं पाणी गुलाबांना बाधेल म्हणून मी झारी अर्धीच भरून द्यायचो. मग एका सकाळी त्यांनी ती खोलीच्या दाराशी ठेवली आणि मोकळ्या हातांनी चालायला लागल्या. त्यांच्यामागं त्यांच्याच इमारतीतल्या दोघी आल्या. मग त्यांच्या ओळखीच्या. बघता बघता सकाळची बाग बायकांची झाली.

मी वाफ्यात मान खाली घालून खुरपत असायचो. माळी दिसत नाही कुणाला, झाडाचाच भाग असतो तो. त्यामुळं कानावर सगळं यायचं. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बायका समोरासमोर बसून जे बोलत नाहीत, ते गोल फिरताना बोलतात. तोंडं पुढं असतात, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. कुणाचा नवरा पितो, कुणाच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलंय, कुणाला झोप लागत नाही. बहाव्याच्या झाडापाशी एखादी रडायला लागायची आणि फाटकाशी येईपर्यंत पदरानं डोळे पुसून झालेले असायचे. घरी जाताना चेहरा वेगळा. गावातले डॉक्टर संध्याकाळी फिरायला यायचे. एकदा मला म्हणाले, "आक्कांची साखर उतरली. माझ्या गोळ्या जुन्याच आहेत. ट्रॅकचाच गुण दिसतोय." ते हसत म्हणाले होते, पण मी त्या दिवशी ट्रॅक दोनदा झाडला.

एक सल मात्र राहिला. बागेत बायकांसाठी मुतारी नव्हती. म्हाताऱ्या बायका सकाळी पाणी न पिता यायच्या, लवकर परतायच्या. मी दर नव्या सरपंचाला सांगितलं. प्रत्येकानं मान डोलावली. कारंजं झालं, सेल्फीसाठी लोखंडी बदाम झाला, मुतारी माझ्या निवृत्तीपर्यंत झाली नाही.

पुरुषांत माझी सोबत म्हणजे तात्या. एसटीचे रिटायर ड्रायव्हर. बायको गेलेली, मुलं चाकणला. फिरताना वळण आलं की तात्यांची मान आपोआप उजवीकडं वळायची, आरशात बघायला. बोलायचे कमी. माळशेज घाटातल्या धुक्याबद्दल तेवढं सांगायचे, तेही विचारलं तर. आम्ही दोघं कधी कधी मुकाट एकमेकांजवळ असायचो, ते बाकावर, मी वाफ्यात.

मग माझी बायको गेली. तापाचं निमित्त झालं. मी सुट्टीला जाईन तेव्हा दवाखान्यात नेईन असं ठरलं होतं, तेवढा धीर तापानं धरला नाही. दिवस-कार्य उरकून मी कामावर आलो. पठारावर थांबून काय करणार होतो? आई-वडील आधीच गेले होते. मेंढरं भावकीला देऊन टाकली. घराला कडी घातली.

बागेत मला कुणी काही विचारलं नाही. कुणाला ठाऊकच नव्हतं. माळी चार दिवस दिसला नाही तर लोकांना वाटतं, सुट्टीवर असेल. आक्का मात्र कुंपणाशी थांबल्या. माझ्या डोक्याकडं बघितलं. केस काढलेले होते.

"कोण गेलं?"

"मंडळी."

त्या तशाच पुढं गेल्या. फेरी मारून परत आल्या आणि म्हणाल्या, "जेवतो का न्हाई?"

"जेवतो."

"काय?"

मी खुरप्याची माती पुसायला लागलो. दुसऱ्या दिवसापासून सकाळी कुंपणाच्या कोपऱ्यात, चाफ्याच्या फांदीला एक फडकं बांधलेलं असायचं. त्यात भाकरी आणि कोरडी भाजी. हातात दिली नाही कधी. बाईमाणूस, गावाची नजर बारीक, लोक बघतात. मी फडकं धुऊन परत फांदीला बांधायचो. पुष्कळ दिवस हे चाललं. त्याबद्दल आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही.

पुढच्या वर्षी ऊसतोड सुरू झाली तशी बिबट्याची बातमी फिरायला लागली. आमच्या भागात बिबट्या नवीन नाही. ऊस उभा असतो तोवर तो उसात असतो, तिथंच त्याची पिल्लं होतात. ऊस तुटला की त्याचं घर मोडतं आणि तो हिंडतो. एका सकाळी मी ओढ्याकडच्या वाफ्याला पाणी द्यायला गेलो, तर ओल्या मातीत पंजे उमटलेले. आदल्या दिवशी मी तिथं झेंडूची रोपं लावली होती. दोन रोपं चेमटली होती. भिंतीपलीकडं कचऱ्याच्या ढिगाशी एक काळं कुत्रं असायचं, ते त्या दिवसापासून दिसलं नाही.

मी पंचायतीत कळवलं. वन खात्याची माणसं आली, ठसे बघितले, बिबट्याच आहे म्हणाली. झुडपं काढा, कचरा हलवा, अंधार पडल्यावर कुणी येऊ नका, असं सांगून गेली. पंचायतीनं सोपा मार्ग काढला. फाटकाला कुलूप लावलं आणि "पुढील सूचनेपर्यंत बाग बंद" असा फलक टांगला. कुणी चुकीचं वागलं असं मी म्हणणार नाही. शेजारच्या शिवारात माणसावर हल्ला झाला होता. घाबरणारच.

मला मात्र काम होतं. झाडांना पाणी लागतंच. फक्त उजेडात बाहेर पड, तिन्हीसांजेच्या आत दार लाव, एवढं मला बजावलं होतं.

बंद बाग कशी असते ते मी तेव्हा बघितलं. पायाखाली कुणी येत नसल्यामुळं हरळी दाट झाली. शेवंती फुलली, तिला तोडायला कुणी नाही. गुलाब झाडावरच पिकून गळाले. माझ्या हयातीत बाग इतकी देखणी कधी झाली नव्हती. मी मशीन फिरवायचो, पाला गोळा करायचो, बाकं पुसायचो आणि पुसून झाल्यावर वाटायचं, कुणासाठी? कचरासुद्धा नव्हता. गुटख्याची एक पुडी दिसली असती तर बरं वाटलं असतं, राव. फाटकाबाहेरून लोक डोकावायचे, फलक वाचायचे आणि निघून जायचे. आठवडा संपला, महिना संपला. पुढील सूचना काही आली नाही.

एक दिवस तात्या फाटकाशी आले. गजांना धरून उभे राहिले.

"माळीबुवा, आक्का दिसल्या का रं कुठं?"

"न्हाई. का?"

"पायाला जखम झालीय म्हणत्यात. बरी व्हईना."

मी हातपाय धुतले, सदरा बदलला आणि रस्ता ओलांडून त्या इमारतीत गेलो. इतकी वर्षं समोर होती ती इमारत, पण मी तिचा जिना कधी चढलो नव्हतो. सुरेखानं दार उघडलं. ती कामावर निघायच्या घाईत होती. मी कोण हे तिला ओळखू आलं नाही.

"मी समोरच्या बागेतला. आक्कांना बघायला आलोय."

आक्का खिडकीपाशी खुर्चीवर होत्या. पाय स्टुलावर, पावलाला पट्टी. तोंड सुजल्यासारखं. मला बघून त्यांनी पदर सारखा केला.

"ये भाऊ. बस. सुरेखा, च्या ठिव."

"कसं झालं हे?"

"कसं म्हंजी? घरात चालून बघितलं. हॉलमधून किचनात, किचनातून हॉलमधी. चार पावलं टाकली का भितच आडवी येती. मंग कट्टाळून बसले. बसले ती बसलेच. साखर वर गेली. अंगठ्याला ठेच लागल्याली मला कळलीबी न्हाई."

सुरेखा चहा घेऊन आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "मी काय करू सांगा? मी दिवसभर बाहेर असते. टीव्ही लावून देते, तर बघत नाहीत. शेजारी कुणाकडं जा म्हटलं, तर नको म्हणतात. नुसत्या खिडकीत बसतात."

"कुणाच्या घरी कशाला जाऊ?" आक्का म्हणाल्या. "घरी गेलं का काम आसावं लागतं. बागंत जायाला काम लागत न्हाई."

मी खिडकीतून खाली पाहिलं. सगळी बाग दिसत होती. माझी खोली, मोटार, रिकामा ट्रॅक.

"तू रोज बाकडी पुसतो," आक्का म्हणाल्या. "मी बघती."

इतके दिवस मला वाटत होतं, मला कुणी बघत नाही.

डॉक्टर म्हणाले होते, अंगठा काढावा लागेल. तसा तो काढलाही. बाग उघडा म्हणायला मी त्या वेळच्या सरपंचबाईंकडं गेलो. त्यांचे मालकच बहुतेक वेळा बोलायचे. त्यांनी मला मासिक बैठकीला बोलावलं. मला बोलता येत नाही. उभा राहिलो आणि हिरवळीबद्दल काहीतरी सांगत बसलो, बाग चांगली झालीय, वाया चाललीय. एक सदस्य म्हणाला, "उद्या एखादं माणूस गेलं तर जबाबदारी तुमी घेणार का?"  त्याचं चुकत नव्हतं. जबाबदारी मी कशी घेणार? मी खाली बसलो. विषय पुढं ढकलला गेला.

हे मी तात्यांना सांगितलं. तात्यांनी ते कुणाला सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण पुढच्या बैठकीच्या दिवशी पंचायतीच्या अंगणात बायका येऊन बसल्या. त्याच, सकाळच्या फेऱ्यांवाल्या. घोषणा नाहीत, काही नाही. कुणी वाती वळत होती, कुणी भाजी निवडत होती. आणि आक्कांना त्यांच्या मुलानं मोटरसायकलवर आणलं, पाय पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला.

सरपंचबाईंचे मालक बाहेर आले. "आक्का, तुमच्याच भल्यासाठी बंद केलंय ना? बिबट्या काय सांगून येतो का?"

"न्हाई येत," आक्का म्हणाल्या. "पर बिबट्या रानात बी हाय. तितं खुरपायला आमी जातोच का न्हाई? तितं कुणी कुलूप लावलंय? कामाला जाताना बायांला बिबट्या खात न्हाई व्हय? जरा जिवाला बरं वाटावं म्हणून बसलं, तवाच खातो?"

कुणी हसलं, मग सगळ्याच हसल्या. मालक काही बोलणार तेवढ्यात सरपंचबाई स्वतः दारात आल्या. त्या तरण्या होत्या, माहेर पठारावरचं, एवढंच मला ठाऊक. बैठकीत मी त्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, "वन खात्यानं झुडपं काढायला सांगितली व्हती. काढली का आपण? कचरा हलवला का? ते करू. मग दिवसा उघडू. सूर्य वर आल्यावर उघडायची, मावळायच्या आत बंद." नवऱ्याकडं न बघता बोलल्या आणि आत गेल्या. मालकांनी खाकरून घसा साफ केला आणि तेच वाक्य परत आपल्या तोंडानं सांगितलं.

रविवारी माणसं आली. ओढ्याकडची घाणेरी तोडली, काटेरी झुडपं काढली. भिंतीपलीकडचा ढीग ट्रॅक्टरनं उचलला, कारण ढिगाला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं तो. भिंतीवर जाळी बसली. मी कुऱ्हाड चालवत होतो आणि माझ्या दोन्ही बाजूंनी माणसं बोलत होती. इतकी गर्दी माझ्याभोवती मी कधी अनुभवली नव्हती. संध्याकाळी सगळे गेले आणि खोली नेहमीपेक्षा जास्त रिकामी वाटली.

उघडल्यावर लगेच बाग भरली असं झालं नाही. भीती कुलपासारखी काढता येत नाही. पहिल्या दिवशी फक्त तात्या आले. जुना हातरेडिओ मोठ्यानं लावून फिरले, जनावराला माणसाची चाहूल लागावी म्हणून. मग एक एक बाई यायला लागली. आक्का थंडी सरता सरता आल्या, सुनेच्या दंडाला धरून. अंगठा नसला की तोल जातो, ते मला तेव्हा कळलं. चाफ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"बास?" सुरेखानं विचारलं.

"बास काय? आत्ता तर आले."

त्या बाकावर बसल्या, सुरेखा उभीच राहिली, घड्याळात बघत. मग तीही टेकली. मी लांब वाफ्यात होतो. दोघी नुसत्या बसल्या. पण दुसऱ्या दिवशी सुरेखा घड्याळात बघत नव्हती.

आक्कांना पुढं आणखी दोन-तीन हिवाळे मिळाले. पूर्ण फेरी त्यांना परत कधी जमली नाही. अर्धी फेरी, बाक, अर्धी फेरी. बिबट्या नंतर बागेत आला असेल-नसेल, ठसे काही दिसले नाहीत. एका पहाटे आक्का झोपेतच गेल्या. मला तात्यांनी सांगितलं. मी अंत्ययात्रेत मागं चाललो, कुणाचा कोण म्हणून. स्मशानात मुलानं मला बघून मान हलवली, ओळख पटली की नाही देव जाणे. परत येऊन मी गुलाबांना पाणी घातलं. त्या दिवसाचं तेच काम होतं.

त्यानंतर माझीही निवृत्ती आली. पंचायतीनं शाल-नारळ दिला. माझ्या जागी ठेकेदाराची माणसं आली, दोन दिवसांआड गाडीतून येतात, मशीन फिरवतात आणि जातात. पठारावर राहून बघितलं. चहूकडं मोकळं रान, वारा, आणि घराघरात एकेक म्हातारं माणूस दाराआड बसलेलं. मोकळ्या जागेची तिथं वाण नाही. पण काम नसलेल्या माणसानं जाऊन बसावं आणि दुसरं कुणीतरी तिथं असावं, असं ठिकाण नाही. लेक म्हणाली, निमगावला या. लेकीच्या घरी किती राहणार? मी परत या बाजाराच्या गावी आलो, एक खोली भाड्यानं घेतली.

पहिल्या सकाळी फाटकातून आत गेलो आणि कुठं जावं ते कळेना. हातात खुरपं नाही, पाईप नाही. बाकावर बसायची सवय नाही. इतकी वर्षं बाकं पुसली, पण कधी बसलो नव्हतो. माळी बसलेला दिसला की लोक तक्रार करतात. मी हरळीत लव्हाळा बघत उभा राहिलो. उपटायला वाकलो, तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "आजोबा, हात नका लावू." तात्याही आता नव्हते. मुलांनी त्यांना चाकणला नेलं होतं. बायका फेऱ्या मारत गेल्या. मला कुणी पाहिलं नाही. मी तसाच परत आलो. दुसऱ्या दिवशी जाऊ नये असं ठरवलं आणि गेलो.

चौथ्या-पाचव्या दिवशी असेल, मी कारंज्यापाशी उभा होतो. सुरेखा फेरी मारत आली. एकटीच. आता तिच्याही केसांत पांढरं दिसत होतं. मला बघून थांबली.

"तुम्ही ते इथलेच ना? आमच्या आत्यांना बघायला आला होता."

"हो."

"उभे का? बसा ना."

ती बाकाच्या एका टोकाला बसली. मी दुसऱ्या टोकाला टेकलो. सिमेंट गार होतं. बरंच बसलो आम्ही. ती पतसंस्थेतलं काही सांगत होती, मुलगा शिकायला बाहेर गेल्याचं, घर खायला उठतं म्हणाली. मी ऐकत होतो. तोंडं दोघांचीही समोर होती. मग ती उठली, चप्पल सारखी केली आणि जरा संकोचून म्हणाली, "आत्या शेवटपर्यंत 'बागेतला भाऊ' म्हणायच्या. आम्हाला कुणालाच तुमचं नाव माहीत नाही. काय नाव तुमचं?"

मी उभा राहिलो. नोकरीभर या बागेत मला कुणी नाव विचारलेलं आठवत नव्हतं. मी माझं नाव सांगितलं, मग वडिलांचं सांगितलं, मग आडनाव, मग गाव. आवाज घोगरा निघाला म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.